तेल, इंधन, वंगण

‘तेल’ हा शब्द तिळापासून आला. तिळातून निघते ते तैल, असा त्याचा मूळ संस्कृत अर्थ. पण पुढे कोणतेही बी दाबून निघणाऱ्या स्निग्ध द्रवाला तेच नाव मिळाले, मग जमिनीच्या पोटातून उपसलेल्या काळ्या द्रवालाही मिळाले, आणि यंत्राचे सांधे कुरकुरू नयेत म्हणून त्यांत सोडतो त्यालाही. गेली पंचवीस वर्षे मी डिझेलच्या गाड्या चालवतो आहे, त्यांच्यात निरनिराळे द्रव ओतून पाहिले आहेत, त्यांतल्या काहींचा पश्चात्तापही केला आहे, आणि या काळात माझी अशी खात्री होत गेली आहे की भाषेने केलेली ही सरमिसळ डिझेल इंजिनाच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे. इंधन आणि वंगण यांच्यातली सीमा या यंत्रात फार कच्ची असते. जो पंप इंधन सिलिंडरपर्यंत ढकलतो, त्याला वंगण म्हणून बहुधा त्याच इंधनाचा आधार असतो. इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधल्या ऑइलचा थोडा अंश पिस्टनच्या रिंगांच्या पलीकडे जाऊन जळतो आणि न जळलेले इंधन लायनरवरून, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून, ओघळून ऑइलमध्ये उतरते. त्यामुळे एका जागी ओतलेली वस्तू तिथेच राहील आणि ज्या कामासाठी ओतली तेवढेच काम करील, ही अपेक्षा येथे सहसा पुरी होत नाही. हे मला पुस्तकांतून कळायला हवे होते, पण कळले ते फिल्टर, इंधन फवारणारे नोझल आणि सील यांच्याकडून.

माझी पहिली डिझेल गाडी मी घेतली तेव्हाच ती पुष्कळ चाललेली होती. पूर्वकक्षात, म्हणजे सिलिंडरआधीच्या छोट्या कप्प्यात, इंधन फवारणारे जुन्या घडणीचे इंजिन आणि रोटरी पंप असा तिचा संसार होता. सकाळी चालू करताना ती बराच वेळ खडखडत असे आणि पांढुरका धूर सोडीत असे. कोणीतरी डिझेलमध्ये घालायच्या अ‍ॅडिटिव्हची एक बाटली दिली. बाटलीवर चार-पाच आश्वासने होती: अ‍ॅव्हरेज वाढेल, धूर घटेल, आवाज मऊ होईल, नोझल स्वच्छ राहतील. पहिल्याच टाकीनंतर मला आवाज खरोखर मऊ वाटला आणि अ‍ॅव्हरेजही वाढलेले दिसले. मी तेव्हापासून एक वही ठेवू लागलो. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा काठोकाठ भरायची आणि भागाकार करायचा.

त्या वहीने मला पहिला धडा दिला तो असा की काहीही न घालता केलेल्या टाक्यांमध्येच एवढा चढउतार होता की बाटलीने सांगितलेली वाढ त्यात सहज लपली असती. टायरमधली हवा, वाऱ्याची दिशा, गाडीतले ओझे, थंडी, रस्त्याचा चढ, टाकी भरताना नळी कोणत्या क्षणी थांबली, या प्रत्येकाचा हिस्सा त्या आकड्यात असतो. शिवाय ज्याने नुकतीच बाटली ओतली आहे तो माणूस पाय हलका ठेवून गाडी चालवतो, हेही मला कबूल करावे लागले. मग मी एक टाकी बाटलीसह आणि एक टाकी बाटलीविना असा क्रम बराच काळ पाळला. अ‍ॅव्हरेजमध्ये भरवसा ठेवावा असा फरक निघाला नाही. सकाळची खडखड मात्र बाटलीच्या टाकीला नक्की कमी होती, आणि ती कमी झाली आहे हे गाडीबाहेर उभ्या राहिलेल्या, बाटलीविषयी काही न सांगितलेल्या माणसालाही ओळखू येत होते.

याचे कारण समजून घेताना मला या इंजिनाविषयी नव्याने प्रेम वाटू लागले. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिचे तापमान पाचशे अंशांच्या वर जाते आणि तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेटते. फवारा सुरू होणे आणि इंधन पेटणे यांत जो अगदी सूक्ष्म विलंब असतो, तो लांबला की तेवढ्या वेळात साठलेले इंधन एकदम पेट घेते आणि त्याचा धक्का आपल्याला खडखडीच्या रूपाने ऐकू येतो. हा विलंब किती कमी, हे सांगणारे माप म्हणजे सिटेन अंक. बऱ्याच बाटल्यांमध्ये २-एथिलहेक्सिल नायट्रेट नावाचे रसायन असते. त्यातला एक दुवा मुद्दाम कच्चा असतो, तो इतर रेणूंच्या आधी तुटतो आणि त्याच्या तुकड्यांमुळे पेट लवकर धरला जातो. पण युरोपातल्या ईएन ५९० या मानकानुसार डिझेलचा सिटेन अंक किमान ५१ असावा लागतो, तर अमेरिकेतल्या मानकात तो ४० पुरतो. म्हणजे तीच बाटली चाळीसच्या डिझेलला मोठा आधार देईल आणि पंचावन्नच्या डिझेलमध्ये तिची चाहूलही लागणार नाही. औषधाचा गुण सांगताना रोग्याची प्रकृती सांगितलीच पाहिजे, हे वैद्यकात सर्वांना मान्य असते. बाटलीवर मात्र रोग्याविषयी एक अक्षर नसते.

नोझल स्वच्छ ठेवण्याच्या दाव्याचेही तसेच आहे. डिटर्जंट जातीची पूरक द्रव्ये कार्बनचा थर हळूहळू सोडवतात, हे खरे आहे, आणि त्यासाठी एक नव्हे तर लागोपाठ काही टाक्या जाव्या लागतात. आजच्या कॉमन रेल इंजिनांत, म्हणजे ज्यांत सर्व नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन मिळते त्यांत, दाब दोन हजार बारच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो आणि नोझलची भोके साधारण एक दशांश मिलिमीटरची असतात. तिथे मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, थरही फवाऱ्याचा आकार बिघडवतो. पण माझ्या जुन्या गाडीच्या काळ्या धुरासाठी मी तीन बाटल्या संपवल्या तरी धूर तसाच राहिला, तेव्हा आयुष्यभर डिझेल पंपांचे काम केलेल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. ‘काका, यात आणखी काय घालू?’ असे मी विचारले. ते म्हणाले, ‘मळलं असेल तर घातलेल्याचा उपयोग होईल, झिजलं असेल तर नाही होणार. आधी नोझल काढून टेस्टरवर लावू, मग बोला.’ टेस्टरच्या दांड्यावर त्यांनी हात दाबला तेव्हा एका नोझलमधून धुक्यासारखा फवारा आला आणि दुसऱ्यातून नुसते थेंब गळाले. ते नोझल झिजलेले होते.

वंगणाचा प्रश्न मला याहून महत्त्वाचा वाटतो, कारण त्याविषयी गैरसमज फार खोल रुजलेले आहेत. जुन्या डिझेलमध्ये सल्फर भरपूर असे. प्रदूषण आणि धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणांची गरज यांमुळे ते उतरवत उतरवत अनेक देशांत दहा लाखांत दहा भागांपर्यंत आणले गेले. ‘सल्फर गेले आणि डिझेलचा ओशटपणा गेला’ असे जुने चालक सांगतात. निरीक्षण बरोबर आहे, कारण मात्र चुकीचे आहे. सल्फर स्वतः वंगणाचे काम करीत नव्हते. ते काढण्यासाठी डिझेलवर हायड्रोजनची जी प्रक्रिया करतात, तिच्यात ऑक्सिजन आणि नायट्रोजन असलेले काही अल्पप्रमाणातले रेणूही निघून जातात, आणि धातूच्या पृष्ठभागाला चिकटून राहून त्याचे रक्षण करणारे तेच रेणू होते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये अत्यल्प सल्फरचे डिझेल आले तेव्हा पंप अकाली झिजू लागले आणि मग या गुणाचे मोजमाप करण्याची निकड सर्वांना पटली. त्यासाठीची चाचणी अतिशय साधी आणि सुंदर आहे. सहा मिलिमीटरची पोलादी गोळी साठ अंश तापमानाच्या डिझेलमध्ये बुडलेल्या पोलादी चकतीवर पंचाहत्तर मिनिटे घासायची आणि गोळीवर पडलेल्या चट्ट्याची रुंदी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. ईएन ५९० नुसार हा चट्टा ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा असू नये.

ही मर्यादा पाळण्यासाठी लागणारे द्रव्य तेलशुद्धी कारखान्यात किंवा वितरणापूर्वीच डिझेलमध्ये मिसळलेले असते. मला हे ठाऊक नव्हते तेव्हा मी, अनेकांप्रमाणे, दोनशे लिटरला एक लिटर या हिशेबाने टू-स्ट्रोक इंजिनाचे ऑइल डिझेलमध्ये घालीत असे. जुन्या पंपाला त्याने अपाय झाल्याचे मला दिसले नाही आणि आवाज थोडा खालावल्यासारखाही वाटे. पण ते ऑइल पेट्रोलमध्ये जळण्यासाठी बनवलेले असते, डिझेलच्या नोझलमधून फवारले जाण्यासाठी नव्हे. आणि ज्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळीचा फिल्टर आहे तिच्यात ऑइलमधले न जळणारे अंश राख होऊन कायमचे अडकतात. काजळी जाळता येते, राख जाळता येत नाही. ज्या कोणाला इंधनाच्या ओशटपणाची खरोखर काळजी आहे त्याने हे लक्षात घ्यावे की वनस्पती तेलापासून बनवलेले चांगले बायोडिझेल एक-दोन टक्के, एवढेच त्या चट्ट्याची रुंदी ठळकपणे कमी करायला पुरते.

येथून आपण वनस्पती तेलांकडे येतो, आणि तिथे कथा फार लवकर सुरू होते. रुडॉल्फ डिझेल यांनी आपले इंजिन शेंगदाण्याच्या तेलासाठी बनवले होते असे सर्रास सांगितले जाते. ते तसे नव्हते. त्यांचे यशस्वी इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे चालले ते खनिज तेलावर. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात ओटो कंपनीने एक छोटे डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवले आणि ते इतके सुरळीत चालले की इंधन वेगळे आहे हे फार थोड्यांच्या लक्षात आले, असे डिझेल यांनी स्वतःच १९१२ साली नोंदवले आहे. वसाहतींमध्ये स्थानिक तेलावर यंत्रे चालावीत अशी फ्रेंच सरकारची इच्छा त्यामागे होती. दंतकथेपेक्षा ही हकीकत मला अधिक मोलाची वाटते, कारण तिच्यात यंत्राचा उदारपणा दिसतो: ज्या द्रवासाठी ते घडवलेले नव्हते तोही त्याने काही काळ पचवला.

‘काही काळ’ हे शब्द मी विचारपूर्वक लिहितो आहे. चाळीस अंशांवर डिझेलची श्यानता, म्हणजे दाटपणा, दोन ते साडेचार सेंटिस्टोक असते, तर बहुतेक वनस्पती तेलांची तीस ते चाळीस, म्हणजे सुमारे दहापट. एवढे दाट तेल नोझलमधून बारीक उडत नाही. त्याचे थेंब मोठे राहतात, लायनरवर आपटतात आणि अर्धवट जळतात. शिवाय ही तेले उष्णता आणि हवा मिळाली की एकमेकांना जोडली जाऊन घट्ट होतात. जवसाचे तेल चित्रकार रंगात मिसळतात ते नेमके याच गुणासाठी, ते सुकून टणक पापुद्रा धरते म्हणून. कॅनव्हासवर जे वरदान आहे तेच पिस्टनच्या रिंगांमध्ये घडले तर रिंगा खाचेत चिकटून बसतात.

माझ्या एका मित्राने आपली गाडी शुद्ध वनस्पती तेलावर चालवण्याचा निश्चय केला होता आणि त्याचा हेतू निखळ चांगला होता. त्याने दोन टाक्यांची रीतसर व्यवस्था केली होती: गाडी डिझेलवर चालू करायची, रेडिएटरचे पाणी तापले की त्याच्या उष्णतेने वनस्पती तेल सत्तर अंशांच्या आसपास आणून मग त्यावर जायचे, आणि गाडी बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर येऊन नळ्या धुऊन काढायच्या. लांबच्या प्रवासात हे चोख चालले. पण त्याचे रोजचे फिरणे थोड्या अंतराचे झाले, इंजिन पुरते तापायच्या आतच तो तेलावर जाऊ लागला, आणि त्याचे इंजिन थेट सिलिंडरमध्ये फवारणारे होते, जे अशा तेलाला पूर्वकक्षाच्या इंजिनापेक्षा खूपच कमी सोसते. एके दिवशी त्याने ऑइलची पातळी पाहायची पट्टी वर काढली तेव्हा तिच्याबरोबर पाकासारखी तार निघाली. चेंबरचा बोल्ट उघडला तरी ऑइल खाली येईना. सिलिंडरमधून उतरलेले वनस्पती तेल चेंबरमधल्या गरम ऑइलमध्ये साठून घट्ट झाले होते. त्या दिवशी तो फारसे बोलला नाही. मीही काही बोललो नाही, कारण या प्रयोगाला मीच त्याला उत्तेजन दिले होते.

वनस्पती तेलाचा दाटपणा घालवण्याचा खरा मार्ग रसायनशास्त्राने १९३७ सालीच दाखवला होता. ब्रुसेल्स विद्यापीठातल्या शावान यांना त्या वर्षी पाम तेलापासून एस्टर बनवून ते इंधन म्हणून वापरण्याचे बेल्जियन पेटंट मिळाले. तेलाच्या रेणूत ग्लिसरॉलच्या कण्याला तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. अल्कोहोल आणि थोडा अल्क (आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) यांच्या साहाय्याने त्या साखळ्या सुट्या करायच्या, एवढेच करायचे असते. आज सहसा मिथेनॉल वापरतात. शंभर किलो तेल आणि दहा किलोच्या आसपास मिथेनॉल घेतले की सुमारे शंभर किलो बायोडिझेल आणि दहा किलो ग्लिसरॉल मिळते. श्यानता चार-पाच सेंटिस्टोकवर उतरते. लिटरमागे ऊर्जा डिझेलपेक्षा आठ-नऊ टक्के कमी असते, त्यामुळे वीस टक्के मिश्रणात म्हणजे बी२०मध्ये अ‍ॅव्हरेजचा फरक दोन टक्क्यांच्या आत राहतो, आणि तो माझ्या वहीला कधी पकडता आला नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ साली अनेक चाचण्या एकत्र करून जो हिशेब मांडला, त्यानुसार बी२०मुळे धुरातले कण दहा टक्क्यांनी आणि कार्बन मोनॉक्साइड अकरा टक्क्यांनी घटते, तर नायट्रोजनची ऑक्साइडे दोन टक्क्यांनी वाढतात. त्या काळच्या इंजिनांविषयीचे हे आकडे आहेत, पण दिशा कळायला पुरेसे आहेत.

मी जुन्या गाडीत बी२० भरू लागलो तेव्हा पहिल्या महिन्यात दोनदा गाडी चढावर दम टाकून थांबली. दोन्ही वेळा फिल्टर तुंबला होता. इंधन खराब आहे असा मी निष्कर्ष काढला आणि ते सोडून देण्याच्या बेतात होतो. काकांनी फिल्टर करवतीने कापून त्याचा कागद उलगडून दाखवला. त्यावर काळा, चिकट, वार्निशसारखा कीट होता. ‘हे आजचं नाही,’ ते म्हणाले, ‘टाकीत वर्षानुवर्षं बसलेला साका आहे हा. नवं तेल टाकी धुतंय.’ बायोडिझेल हे उत्तम द्रावक असते. जुन्या डिझेलने टाकीच्या तळाशी आणि नळ्यांच्या आतून जो थर धरलेला असतो, तो ते सोडवते आणि पुढे फिल्टरकडे पाठवते. तिसऱ्या फिल्टरनंतर तो त्रास पूर्ण थांबला.

बायोडिझेलचे खरे दोष दुसरे आहेत आणि ते त्याच्या जन्मातूनच आले आहेत. ते खवट होते. घरातले तेल जसे हवा, उजेड आणि उष्णता लागून खवट होते तसेच. आणि तांब्या-पितळेच्या सान्निध्यात ती क्रिया अधिक वेग घेते. युरोपीय मानकात त्याची परीक्षा म्हणून त्याला ११० अंशांवर ठेवून त्यातून हवा सोडतात, आणि किमान आठ तास ते टिकावे अशी अट असते. डिझेलपेक्षा ते पाणीही अधिक धरून ठेवते, आणि इंधनाच्या तळाशी पाणी साठले की इंधन खाणारे सूक्ष्मजीव त्या सीमेवर वाढून शेवाळासारखा लगदा तयार करतात. म्हणून जी गाडी रोज फिरते तिला हे इंधन मानवते. जी महिनोन् महिने उभी असते तिच्या टाकीत ते ठेवून जाणे मला अन्यायाचे वाटते.

माझी दुसरी गाडी कॉमन रेलची आणि काजळीच्या फिल्टरची आहे, आणि तिने सुरुवातीला सांगितलेली ती कच्ची सीमा मला पुन्हा दाखवली. फिल्टरमध्ये काजळी साठली की ती जाळण्यासाठी अनेक गाड्या पिस्टन खाली जात असताना थोडे जास्तीचे इंधन फवारतात, म्हणजे ते पुढे जाऊन फिल्टर तापवील. त्यातला काही भाग लायनरवर बसतो आणि रिंगांवरून चेंबरमध्ये उतरतो. साधे डिझेल असेल तर गरम ऑइलमधून त्याचा बराचसा अंश पुन्हा वाफ होऊन निघून जातो. बायोडिझेलचा उत्कलनबिंदू उंच आणि जवळपास एकाच पातळीचा असल्यामुळे ते उडत नाही, ऑइलमध्येच मुक्काम करते. त्या गाडीत मी मिश्रणाचे प्रमाण वाढवून पाहिले तेव्हा ऑइलची पातळी पट्टीवरच्या दोन खुणांच्या वर जाताना मी पाहिली. ऑइल घटले की आपण घाबरतो. वाढलेले ऑइल अधिक चिंतेचे असते, कारण ते पातळ झालेले असते. निर्मात्याने सांगितलेल्या टक्केवारीबाहेर त्या गाडीला मी पुन्हा कधी नेले नाही.

इंजिन ऑइलमध्ये वरून काही घालण्याविषयी माझे मत कडक आहे. तयार ऑइलमध्ये साधारण पंधरा ते पंचवीस टक्के भाग पूरक द्रव्यांचाच असतो. त्यात आम्ल मारणारे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, काजळीचे कण एकमेकांना चिकटू न देता तरंगते ठेवणारी द्रव्ये असतात, तापमान बदलले तरी दाटपणा फार बदलू न देणारे लांब रेणू असतात, आणि फेस मोडणारे सिलिकोन दहा लाखांत मोजके भाग असते. झेडडीडीपी हे जस्त आणि फॉस्फरस असलेले संयुग १९४०च्या दशकात ऑइलमध्ये आले ते ऑइल खराब होऊ नये म्हणून. पुढे कळले की जिथे धातू धातूवर दाबून घासतो तिथे ते काचेसारखा अतिपातळ थर धरते आणि झीज थांबवते. अशा जुळवलेल्या मंडळीत आणखी एक पाहुणा घुसवला की तो कोणाची तरी जागा घेतो. झीज रोखणारी दोन द्रव्ये त्याच पृष्ठभागासाठी आपसांत झगडतात. फेस मोडणारे सिलिकोनच गरजेपेक्षा अधिक झाले तर ऑइलमध्ये अडकलेली हवा सुटणे अवघड होते. दाट करणारी द्रव्ये घालून झिजलेल्या इंजिनाचा आवाज आणि धूर काही दिवस झाकता येतो, एवढे मी पाहिले आहे. त्याने लायनर भरून येत नाही. नॉनस्टिक भांड्यांवर असतो तोच पदार्थ ऑइलमध्ये घातल्याने इंजिन आतून मढवले जाते, अशा जाहिरातींवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९०च्या दशकात पुराव्याअभावी कारवाई केली होती. काजळीच्या फिल्टरच्या गाड्यांसाठी राखेचे प्रमाण मुद्दाम कमी राखलेली ऑइल असतात. त्यांत जस्त किंवा कॅल्शियमची बाटली ओतणे म्हणजे ती मर्यादा आपल्याच हाताने मोडणे होय.

थंडीतल्या द्रव्यांवर मात्र माझा विश्वास आहे, वेळ पाळली तर. डिझेलमधल्या सरळ साखळीच्या ज्या रेणूंमुळे सिटेन अंक चांगला येतो तेच थंडीत आधी मेणासारखे गोठतात. ज्या हेक्झाडेकेनला सिटेन म्हणतात ते स्वतः अठरा अंशांनाच गोठते. गोठण-रोधक द्रव्य मेणाला थांबवत नाही, ते स्फटिकांना मोठे होऊ देत नाही, म्हणजे बारीक कण फिल्टरमधून पार होतात. त्यासाठी मेण धरण्याआधी ते मिसळलेले असावे लागते. एका डोंगराळ प्रवासात उष्ण प्रदेशात भरलेले डिझेल घेऊन मी उंचावर मुक्काम केला, पहाटे गाडी दोन मिनिटे चालून बंद पडली आणि मी तेव्हा टाकीत बाटली ओतली. काही झाले नाही, होणारही नव्हते. फिल्टरला कापड गुंडाळून त्यावर गरम पाणी घालीत राहिल्यावर तासाभराने ती चालू झाली.

अल्कोहोलविषयी थोडक्यात सांगतो. इथेनॉलचा सिटेन अंक आठच्या आसपास आहे आणि डिझेलमध्ये पाण्याचा अंश आला की ते वेगळे होते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की डिझेलची वाफ पेट धरण्याचे तापमान पंचावन्न अंशांच्या वर असते, थोडे इथेनॉल मिसळताच ते तेरा अंशांच्या आसपास येते, आणि डिझेलची टाकी त्या धोक्यासाठी बांधलेली नसते. इथेनॉलवर चालणाऱ्या बसगाड्या स्कॅनिया कंपनीने बनवल्या आणि त्या स्टॉकहोममध्ये अनेक वर्षे धावल्या, पण त्यांत ज्वलन सुधारक मिसळलेले इंधन होते आणि संपीडन गुणोत्तर, म्हणजे हवा किती पट दाबली जाते ते माप, २८ पर्यंत नेलेले होते. इंधनाला इंजिन जुळवले म्हणून ते साधले. केरोसीनची भर मी कधीच घातली नाही. ते मेण पातळ करते तसे वंगणही पातळ करते. आणि युरियाचे जे द्रावण नव्या गाड्यांत वेगळ्या टाकीत घालतात ते धुरावर काम करणारे पाणी आहे, डिझेलच्या टाकीत त्याचा एक पेलाही पंप आणि नोझल यांचा नाश करू शकतो.

आता राहिले ते मला सर्वांत आशादायक वाटणारे इंधन. वनस्पती तेल किंवा वापरून झालेले तळणाचे तेल घेऊन त्यावर हायड्रोजनची प्रक्रिया केली, तर त्यातला ऑक्सिजन निघून जातो आणि उरतात त्या डिझेलमध्ये असतात तशाच साखळ्या. याला एचव्हीओ म्हणतात, आणि त्याचे युरोपीय मानक ईएन १५९४० हे आहे. सिटेन अंक सत्तरच्या पुढे, सल्फर आणि सुगंधी संयुगे (कार्बनच्या कड्या असलेले रेणू, वासाशी संबंध नाही) जवळजवळ शून्य, खवट होण्याची भीती नाही, महिनोन् महिने ठेवता येते. घनता कमी असल्याने लिटरमागे ऊर्जा चार-पाच टक्के कमी असते, एवढीच उणीव. अर्थात ते कशापासून बनले हा प्रश्न त्याच्या गुणांहून मोठा आहे. पाम तेलासाठी जंगल तोडून केलेली लागवड जितका कार्बन सोडते, त्याची भरपाई कोणताही सिटेन अंक करू शकत नाही. आणि वापरलेल्या तेलाचा साठा जगात मर्यादित आहे, कारण माणसे इंधनासाठी तळण करीत नाहीत.

माझी जुनी गाडी अजून आहे. एका दीर्घ प्रवासात मला पहिल्यांदा शुद्ध एचव्हीओ मिळाले आणि मी ते आनंदाने भरले. इंजिन थंडीत एका हाकेत चालू झाले, खडखड ओळखू येणार नाही इतकी कमी झाली, धूर दिसेना. तिसऱ्या आठवड्यात पंपाच्या बाजूने डिझेल ओघळू लागले. पंप उघडला तेव्हा कळले की वर्षानुवर्षे साध्या डिझेलमधली सुगंधी संयुगे शोषून आतल्या रबरी रिंगा किंचित फुगलेल्या होत्या आणि त्या फुगलेल्या मापावरच त्यांनी पंप घट्ट धरला होता. त्या संयुगांविना असलेले इंधन आले आणि रिंगा आपल्या मूळ मापावर, वयाने कडक होऊन, परतल्या. इंधनात दोष नव्हता, रबरही आपल्या धर्माप्रमाणे वागले होते. काका आता नाहीत. त्यांच्या मुलाने नव्या फ्लोरोरबरच्या रिंगा घातल्या आणि पंप पुन्हा कोरडा झाला. जुनी रिंग मी मागून घेतली. ती वहीच्या त्या पानात ठेवली आहे, आणि त्या पानावर तारीख, किलोमीटर आणि भरलेले लिटर एवढेच लिहिलेले आहे.